वाघमारेबाईंचा दोर

सरकारी माणूस गावात आला की मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतो. माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं, पाइप, दोर, शेततळ्याची पन्नी, सगळा माल ठेवतो. काढायचाच म्हटला तर माझ्या दुकानात कुणालाही दोष सापडेल, खात्याच्या माणसाचं तर काय घेऊन बसलात. त्यामुळं वाघमारेबाई कृषी सहायक म्हणून पहिल्यांदा गावात आल्या त्या दिवशीही मी शटर ओढलं होतं. बाईंनी स्कूटी लावली, वाकून शटरखालून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "अण्णा, मी दुकान तपासायला न्हाई आले. सावली बघून आले. बसू का?"

मी शटर वर केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या माझ्या ओट्यावर बसत राहिल्या. गावाला वाटायचं अण्णाचं खात्यात वजन आहे. मीही तो समज मोडला नाही.

आमचं गाव उदगीरहून देवणीकडं जाताना लागतं. जमीन काळी, पण उताराची. पाऊस येतो तोही मारायला उठल्यासारखा येतो. शेतातली माती ओढ्यात आणि ओढ्यातली पार कर्नाटकात. ही माती आणि हे पाणी आमच्याच शेतात थांबावं म्हणून सरकार माझ्या लहानपणापासून पैसा ओततंय. बांध घाला, चर खणा, बांधावर झाडं लावा, शेततळं घ्या. अधूनमधून योजनेचं नाव बदलतं, फलकावरचा हसरा चेहरा बदलतो, माती आपली जातच असते. ह्या योजना गावात उतरवायचं काम कृषी सहायकाचं. आधीचे सहायक उदगीरच्या चहाच्या टपरीवर बसून आमचं गाव सांभाळायचे. बाई मात्र रोज यायच्या.

अंगानं किडकिडीत, उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. सलवार-कमीजवर उन्हासाठी पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट स्कार्फ. मूळच्या नांदेडकडच्या, नायगावच्या. परभणीला शिकलेल्या, पण बोलणं गावातलंच. "पाणी पळून राहिलंय, मामा," असं एखाद्या शेतकऱ्याला सांगायच्या, "त्याला जरा बसा म्हणा की!"

त्यांची एक रीत होती. कुणाच्याही शेतात गेल्या की आधी मालकाला विचारायच्या, तुमच्या रानातलं पाणी कुठून जातं? आणि मालक हमखास शेजाऱ्याच्या बांधाकडं बोट दाखवायचा, कारण आमच्याकडं पाणी नेहमी भावकीच्या चुकीनंच जातं. बाई मग पिशवीतली बाटली काढून शांतपणे जमिनीवर उपडी करायच्या. पाणी आपलं वळत वळत मालकाच्याच फुटक्या बांधातून बाहेर निघायचं. बाई रिकाम्या बाटलीला झाकण लावायच्या. दुपारी दुकानात आल्या की पहिला तांब्या त्या बाटलीत जायचा.

दुसरी रीत फोटोची. कुठल्याही कामाचा पैसा सुटायचा तर मोबाइलवर फोटो चढवावा लागतो. काम, फलक आणि शेजारी लाभार्थी. बाईंच्या पिशवीत त्यासाठी कंगवा असायचा. "काका, सरकार बघणार हाय तुमाला, भांग पाडा." आणि बायको फोटोत आल्याशिवाय बाई बटण दाबत नसत. नियमात तसं काही नव्हतं. नवरे वैतागायचे, "तिचं काय काम हाय? सातबारा माझ्या नावचा." बाई म्हणायच्या, "खुरपं कुणाच्या नावचं हाय?" मग ती पदर सावरत येऊन उभी राहायची आणि बहुतेक फोटोंत नवऱ्यापेक्षा तीच नीट दिसायची.

बाई बौद्ध, हे गावाला आडनावावरूनच पहिल्या दिवशी कळलं होतं. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडं बोलत नाहीत. चहाचा कप तेवढा वेगळा निघतो. माझ्या दुकानातले सगळेच कप टवके उडालेले, वेगळा काढायला चांगला नव्हताच. एकदा मी विचारलं, "बाई, तुमी गावात कुणाच्या घरी पाणीबी मागत न्हाव?"

"दिलं तर घेते की, अण्णा. मागत मातर न्हाई."

एवढंच बोलल्या आणि डब्यातली भाजी माझ्यापुढं सरकवली. ह्या विषयावर त्यांच्या तोंडून मी नंतर बरेच दिवस काही ऐकलं नाही.

आता नागनाथच्या तळ्याचं सांगतो.

नागनाथ आमच्याच समाजातला, लिंगायत. मेहनती पण हटवादी. घरात म्हातारे वडील, त्यांना अख्खं गाव आप्पा म्हणतं. शांत, कपाळाला भस्म, आवाज कधी चढत नाही. बायको सोजर. सोजरचं वर्णन काय करू? दुकानात आली की उधार-नगद काही का असेना, आधी मला एक टोमणा मारणार आणि मगच बियाणं मागणार अशी बाई. तिची आणि वाघमारेबाईंची गट्टी जमली नसती तरच नवल.

शेततळ्याची योजना आली. नागनाथला तळं हवं होतं, पण वरच्या अंगाला, बोअरच्या शेजारी. सगळ्यांना तिथंच हवं असतं. बोअर चालवायचं, तळं भरायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं. बाई म्हणाल्या, तळं खालच्या कोपऱ्यात होईल, जिथं पावसाचं पाणी आपणहून येतं तिथं. नागनाथ ऐकेना. भर शेतात दोघांची जुंपली.

"नागनाथभाऊ, बोअरचं पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं हाय का? मग तळं कशाला, दोरीच बांधा."

"बाई, तुमाला शेतातलं काय कळतंय?"

तेव्हा सोजर पुढं झाली. म्हणाली, "त्या म्हणतेत तेच खरं हाय. श्रावणात खालच्या कोपऱ्यात मी गुडघ्यापस्तोर रुतते. तुमी कवा रुतलाव तिथं?" नागनाथनं पायानं ढेकूळ फोडलं. सोजर बाईंना म्हणाली, "तुमी माझ्या नवऱ्याला माझ्यापरीस जास्ती बोलता, बाई. म्हणून मला आवडता."

तळं खालच्या कोपऱ्यात झालं. पन्नी माझ्याच दुकानातून गेली. काळी, जाड, गुळगुळीत. चारी बाजूंनी उतरत जाणाऱ्या काठांवर ती अंथरली आणि पावसाळा संपेपर्यंत तळं बोअरच्या एका थेंबाशिवाय काठोकाठ भरलं. बाकीची तळी बोअरवर भरलेली, हे एकटं आभाळावर. लातूरहून साहेब लोक बघायला आले. नागनाथनं भांग पाडला, सोजर शेजारी उभी राहिली, फोटो निघाला. बाई त्या दिवशी माझ्या दुकानात आल्या आणि स्वतःच्या पैशानं सगळ्यांना भजी खाऊ घातली. एवढ्या खुशीत मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

सोजर बाईंना घरात नेऊन चहा द्यायची, घरातल्याच कपांतला एक कप. आप्पांनी ते पाहिलं. सुनेला बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा पितळी पेला तेवढा वेगळा ठेवायला सुरुवात केली. हे मला सोजरनंच हसत हसत सांगितलं होतं.

मग ती येळवस आली.

लातूरकडच्या वाचकाला येळवस सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. उदगीर-लातूरची दुकानं बंद, रस्ते रिकामे. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, रानात आंबील शिंपडायची आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील अशी पंगत. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही हाताला धरून जेवायला आणायचा. त्या दिवशी कुणाला परका म्हणत नाहीत.

बाईंना सोजरनं आधीच बजावून ठेवलं होतं, "यंदा नायगावला जायचं न्हाई. आमच्या कोपीत यायचं." बाईही चिडवत म्हणाल्या होत्या, "येते. पण यंदा पूजेला विहिरीचं पाणी नको. तळ्याचं घ्या. ह्याच रानात पडलेलं पाणी, ह्याच रानाच्या लक्ष्मीला." ती कल्पना सगळ्यांना आवडली. आप्पांनीसुद्धा मान डोलावली. पूजेचं पाणी पिढ्यान् पिढ्या नागनाथच्या विहिरीतून यायचं. विहिरीला दगडी पायऱ्या आहेत. बाया कळशी घेऊन उतरतात, वाकतात, बुडवतात, वर येतात. पाणी असंच आणायचं असतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. तळ्याला पायऱ्या नाहीत ही गोष्ट त्या दिवशी त्या शेतातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आली नाही.

मीही जेवायला होतो. नागनाथची लेक, पाहुणे, सोयरे, सगळे जमले होते. कोपीत पांडव मांडून झाले आणि कळशी रिकामीच आहे असं लक्षात आलं. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कळशी उचलली आणि म्हणाल्या, "आणते मी."

आतून आप्पांचा आवाज आला. नेहमीसारखाच मऊ. "बाई, तुमी पाव्हण्या हाव. बसा. सोजर आणल."

तिथल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. बाईंना तर कळलाच. त्या हातात कळशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सोजरनं एकदा सासऱ्याकडं पाहिलं, एकदा बाईंकडं, आणि पुढं होऊन बाईंच्या हातातली कळशी घेतली. अवघडलेपण जावं म्हणून हसली. "बसा ओ बाई. पहिल्या पाण्याचा मान मला घेऊ द्या की." आणि गेली.

कोपीपासून तळं लांब नव्हतं, पण मातीच्या उंच काठामुळं आतलं दिसत नव्हतं. बराच वेळ झाला तरी ती येईना म्हणून लेक बघायला गेली आणि तिची किंकाळी आली.

पन्नीवर पाण्यालगत शेवाळ धरतं. त्यावर माणूस उभा राहू शकत नाही, पालथा पडून नखं रोवली तरी हातात काही येत नाही. आम्ही धावलो तेव्हा सोजर तळ्याच्या मधोमध एकदा वर आलेली दिसली. नागनाथनं उडी घेतली. त्याला चांगलं पोहता येतं. त्यानं तिला धरलं, काठापर्यंत आणलं आणि काठावरून दोघंही पुन्हा आत घसरले. परत आणलं, परत घसरले. आम्ही दहापाच धडधाकट माणसं काठावर उभे, आणि हात पोचत नव्हता. कुणी पटका सोडला, कुणी कडबा बांधायचं सुतळ शोधत पळालं. शेवटी एका पाहुणीनं अंगावरचं लुगडं फेडून टाकलं. ते नागनाथच्या हाती लागलं. आम्ही ओढलं तेव्हा तो एकटाच वर आला.

ह्याहून जास्त मला सांगवत नाही.

नंतर पोलीस आले, पंचनामा झाला. गावानं नशिबाला बोल लावला. दोन-चार बाया वेगळंच कुजबुजल्या, पूजेच्या कळशीला आधी कुणाचा हात लागला होता म्हणे. ते माझ्या दुकानात येऊन बोलणाऱ्या बाईला मी हाकलून दिलं. मला त्या गावाची, माझ्या स्वतःच्या गावाची, किळस आली. आप्पांनी तेव्हापासून बोलणंच सोडलं.

वाघमारेबाई महिनाभर आल्या नाहीत. आल्या तेव्हा ओट्यावर बसल्या, बाटली काढली नाही, डबा काढला नाही. मी चहा केला. तो गार झाला. मग एकदम म्हणाल्या, "अण्णा, ती कळशी माझ्या हातात होती. तळ्याचं पाणी घ्या म्हणणारीबी मीच. आन् आप्पांनी मला बसा म्हणलं म्हणून मी जिती हाय. ह्येचं काय करू, सांगा."

मी गार झालेला कप उचलला आणि पुन्हा चहा ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नायलॉनचा दोर हाय का? जाड?"

त्या दिवसापासून बाईंना एकच ध्यास लागला. पुढच्या येळवशीच्या आत त्यांच्या हद्दीतल्या प्रत्येक तळ्यात, चारी बाजूंनी, आतपर्यंत सोडलेला दोर असला पाहिजे. माणूस पडला तर त्याच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे. ह्यातली निम्मी तळी त्यांनीच लोकांच्या मागं लागून खणायला लावली होती. एकेक तळं बघून येत आणि मला सांगत, "तिथं लेकरं खेळतेत, अण्णा. तिथं शेळ्या येतेत." झोप उडाली होती बाईंची. चेहऱ्यावर दिसत होतं.

पहिले दोर त्यांनी बांधले आणि आठवड्यात गायब झाले. चांगला नायलॉनचा दोर शेतात सोडला तर तो कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यातच जायचा. बाई एका गोठ्यात स्वतःचा दोर बघून आल्या, मालकाशी भांडल्या नाहीत, दुकानात येऊन नवा दोर घेतला आणि ओट्यावर बसून त्याला गाठी मारू लागल्या. वीत-वीत अंतरावर एकेक जाडजूड गाठ. "ओल्या हाताला धरायला गाठ पाहिजे," म्हणाल्या, "आन् गाठीचा दोर म्हशीच्या गळ्यात कोण बांधत न्हाई." तेव्हापासून दुपारी त्यांचं हेच काम. बोलता बोलता हात चालू. बोटांना फोड यायचे, त्यावर चिंधी बांधायच्या आणि पुन्हा सुरू.

आपण एकट्या किती बांधणार, म्हणून त्यांनी दुसरा मार्ग काढला. नव्या तळ्याच्या फोटोत दोर दिसला नाही तर फोटो चढवायचा नाही. म्हणजे अनुदान अडकलं. त्यावर गाव काय करतं? गाव बाईंनीच गाठी मारलेला एक दोर आणतं. एकच! आज ह्याच्या तळ्यावर सोडला, फोटो काढला, गुंडाळला, उद्या त्याच्या तळ्यावर. बाईंच्या लक्षात आलं ते गाठीमुळं. एका टोकाजवळची त्यांची एक गाठ चुकून दुहेरी पडली होती आणि ती प्रत्येक तळ्यावर त्यांना भेटत होती. मला वाटलं बाई हसतील. त्या येळवशीआधीच्या बाई पोट धरून हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, "येवढी हुशारी सोजरच्या टायमाला कुणाला सुचली न्हाई."

तक्रारी वर गेल्या. तालुक्याचे साहेब गावात आले, माझ्याच दुकानात खुर्चीवर बसले. वाईट माणूस नव्हते. घाम पुसत म्हणाले, "मॅडम, तुमची भावना मला कळते. पण दोराची तरतूद अंदाजपत्रकात नाही."

"पन्नीची हाय, साहेब. फलकाचीबी हाय. फलकाच्या खर्चात दोर बसतोय."

"फलक बंधनकारक आहे."

"आन् माणूस?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी उगाच बियाण्याच्या पिशव्या लावत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "मार्चच्या आत निधी खर्ची पडला नाही तर परत जातो. तुमच्यामुळं लक्षांक अडलाय. शेतकऱ्यांचं नुकसान तुम्ही करताय, मॅडम."

"मी दोर बांधा म्हणून राहिले, साहेब. दुसरं काय म्हणून राहिले का?"

नोटीस आली. बाईंनी उत्तर दिलं. दुसरी आली. बाई गाठी मारत राहिल्या. शेतकरीही आता त्यांना पाहून वाट बदलायचे. ज्यांना त्यांनी कधी भांग पाडायला लावला होता तेच चावडीवर म्हणायचे, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. गावातल्या बाया तेवढ्या फिरल्या नाहीत. नवरे शेतात नसताना त्यांनी खुंट ठोकायला बाईंना मदत केली, दोर धरला. तसंच करत करत गावातली, शेजारच्या गावातली तळी बाईंनी पुरी करत आणली. प्रत्येक दोर बांधून झाला की स्वतः तपासायच्या. म्हणजे तो धरून पन्नीवरून खाली उतरायच्या, पाण्यात जायच्या आणि त्याच दोरानं वर यायच्या. हे मला कळलं तेव्हा मी जाम भडकलो.

"तुमाला पोहता येत न्हाई, बाई!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "पोहणाऱ्यानं तपासून काय उपयोग?"

एकच तळं राहिलं होतं. नागनाथचं. बाईंचं पाऊल तिकडं वळत नव्हतं, आणि नागनाथही दोर बांधू देत नव्हता. त्याचा बाईंवर राग नव्हता. तो म्हणायचा, "आता कुणासाठी?" आणि निघून जायचा. तळं तसंच, काठोकाठ, उघडं.

येळवस तोंडावर आली आणि बाईंच्या बदलीचा हुकूम आला. इस्लापूरला, किनवटच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. निघायच्या आधी, सकाळीच बाई दुकानात आल्या. खांद्यावर गाठींच्या दोराची वेटोळी होती. "अण्णा, गाडी काढा. तेवढं एक राहिलंय."

नागनाथ लेकीला लातूरच्या वसतिगृहात सोडायला गेला होता. तळ्यावर आप्पा होते. सोजर गेल्यापासून ते दिवसभर तिथंच बसायचे, हातात काठी घेऊन. कुणाचं लेकरू, कुणाची शेळी काठाकडं फिरकली की काठी आपटायची. आम्हाला पाहून ते उठले. बोलले नाहीत. काठावर बाभळीचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला बाईंनी दोर आवळला, बाकीच्या बाजूंना मी आणि त्यांनी मिळून लोखंडी खुंट ठोकले. थंडीतही बाईंना घाम आला होता.

मग त्यांनी चपला काढून ठेवल्या, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बाभळीचा दोर धरून उतरायला लागल्या. मी म्हटलं, बाई, ह्याचा राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. पन्नीवर पाय घसरला, दोर ताणला गेला, गाठ हाताशी अडकली. पुन्हा एक पाऊल. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला. खाली पाय टेकत नाही तिथं त्या दोराला धरून थांबल्या. इतर तळ्यांत त्या लगेच वर यायच्या, असं बाया सांगत. इथं त्या आल्या नाहीत. नुसत्या त्या पाण्यात राहिल्या. ओठ काळेनिळे पडायला लागले.

"बाई," आप्पा म्हणाले. वर्षभरानं त्यांचा आवाज ऐकला मी. "बाई, वर या."

बाईंनी वर पाहिलं. आप्पा काठावर गुडघे टेकून बसले होते. काठी बाजूला पडली होती. त्यांनी हात खाली केला होता, पार खांद्यापासून. "वर या, माय. माझं चुकलं. वर या."

बाई त्या हाताकडं बघत राहिल्या. मग त्यांनी वरची गाठ धरली, तिच्यावरची धरली, आणि एकेक गाठ धरत, घसरत, गुडघे खरचटत काठावर आल्या. आप्पांचा हात त्यांच्या अगदी शेजारी होता. तो त्यांनी धरला नाही.

ओल्या कपड्यांनी त्या उभ्या राहिल्या, बाभळीच्या बुंध्यावरची गाठ एकदा ओढून पाहिली. आप्पा अजून तसेच गुडघ्यांवर होते. बाई त्यांना म्हणाल्या, "दोर पक्का हाय, आप्पा. येळवशीला लेकरं येतील. कुठनं धरायचं ते त्यांना दावून ठेवा."

आणि चपला हातातच घेऊन बांधावरून चालत गेल्या.